रिॲक्टिव्ह शक्तीच्या नियंत्रणाचा इतिहास : कोकणातील जलविद्युत केंद्रांपासून महाड औद्योगिक वसाहतीपर्यंत

प्रस्तावना

महाराष्ट्रातील विद्युतीकरणाचा इतिहास बहुधा धरणे, मेगावॉट आणि विस्थापन यांच्या आधारे लिहिला गेला आहे. रिॲक्टिव्ह शक्ती मात्र या इतिहासात दुर्लक्षित राहिली. ही शक्ती प्रत्यक्ष काम करीत नाही. परंतु मोटारी व ट्रान्सफॉर्मर यांतील चुंबकीय क्षेत्र तिच्यावाचून उभे राहत नाही आणि वाहिनीवरील व्होल्टेजही तिच्यावरच अवलंबून असते. मोठा जनित्र ग्रीडशी जोडल्यानंतर त्यावर या शक्तीचा अतिरिक्त भार का येतो, तो कसा दूर केला जातो आणि ही जबाबदारी कालांतराने कारखान्यांपर्यंत कशी पोहोचली, याचा विचार प्रस्तुत निबंधात करण्यात आला आहे.

स्वतंत्र केंद्रांचा कालखंड

टाटांचे खोपोली येथील जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये सुरू झाले. त्यानंतर १९२२ मध्ये भिवपुरी आणि १९२७ मध्ये भिरा ही केंद्रे कार्यान्वित झाली. भिरा केंद्राला पाणी पुरविणाऱ्या मुळशी धरणाविरुद्ध सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली झालेला सत्याग्रह सर्वश्रुत आहे. ही वीज प्रामुख्याने मुंबईच्या गिरण्यांसाठी होती. केंद्रे थोडी आणि ग्राहक मर्यादित असल्यामुळे जनित्राचे एक्सायटेशन, म्हणजे त्याच्या चुंबकास दिला जाणारा प्रवाह, वाढविला की व्होल्टेज वाढे आणि कमी केला की उतरे. कारण आणि परिणाम यांचा संबंध चालकाला समोरच्या मीटरवर दिसत असे.

समक्रमणानंतरचा प्रश्न

महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाची स्थापना १९६० मध्ये झाली आणि कोयना प्रकल्पाच्या पहिल्या टप्प्यातून १९६२ मध्ये वीजनिर्मिती सुरू झाली. ग्रीड विस्तारत गेले तसे हे चित्र पालटले. जनित्र ग्रीडशी जोडण्यापूर्वी व्होल्टेज, वारंवारता, फेजचा क्रम व फेजचा कोन जुळवावे लागतात. स्विच बंद झाल्यावर मात्र एकटा जनित्र ग्रीडचे व्होल्टेज फारसे बदलू शकत नाही. टर्बाइनमधील पाणी किंवा वाफ वाढविल्यास मेगावॉट वाढतात. एक्सायटेशन वाढविल्यास प्रामुख्याने मेगाव्हार, म्हणजे रिॲक्टिव्ह शक्ती, वाढते. जी कृती पूर्वी व्होल्टेज सुधारत असे, तीच आता यंत्रावर निराळा भार टाकू लागली.

अशा वेळी दोष शोधण्याचा क्रम महत्त्वाचा ठरतो. प्रथम मीटर खरे बोलतो आहे काय, हे तपासावे लागते. कारण करंट ट्रान्सफॉर्मरची जोडणी उलटी असेल तर आकडेच दिशाभूल करतात. त्यानंतर ग्रीडचे त्या वेळचे व्होल्टेज आणि जनित्र-ट्रान्सफॉर्मरचा टॅप पाहिला जातो. ग्रीडचे व्होल्टेज उतरलेले असल्यास यंत्र निर्दोष असूनही अधिक मेगाव्हार देते. तिसरी पायरी स्वयंचलित व्होल्टेज नियामकाची. त्यास व्होल्टेज कळविणाऱ्या ट्रान्सफॉर्मरचा फ्यूज उडाल्यास नियामकाला व्होल्टेज कमी भासते आणि तो एक्सायटेशन वाढवीत राहतो. शेवटी शेजारच्या यंत्रांशी भाराची वाटणी पाहावी लागते. नियामकांची मांडणी न जुळल्यास एक यंत्र मेगाव्हार देते आणि दुसरे तेच शोषून घेते.

एक्सायटेशन सरसकट कमी करणे हा उपाय नव्हे. ते अधिक झाले तर रोटरची गुंडाळी तापते. फार कमी झाले तर स्टेटरच्या टोकाकडील गाभा तापतो आणि यंत्र समक्रमणातून निसटण्याचा धोका उद्भवतो. म्हणून प्रत्येक जनित्राच्या क्षमता-वक्राच्या मर्यादेतच, सावकाश बदल करावा लागतो.

या प्रश्नाचे गांभीर्य १४ ऑगस्ट २००३ रोजी जगाच्या निदर्शनास आले. अमेरिकेतील ओहायो राज्यात ईस्टलेक केंद्राच्या पाचव्या संचाकडून व्होल्टेज सावरण्यासाठी अधिक रिॲक्टिव्ह शक्ती घेतली जात असताना तो संच दुपारी १ वाजून ३१ मिनिटांनी बंद पडला. पुढे वाहिन्यांना झाडांचा स्पर्श आणि नियंत्रण कक्षातील धोक्याच्या सूचनांच्या यंत्रणेतील बिघाड यांची भर पडून सुमारे ५ कोटी लोकांचा वीजपुरवठा खंडित झाला. तो संच हे एकमेव कारण नव्हते. तथापि रिॲक्टिव्ह शक्तीची तूट दूरवरून भरून काढता येत नाही, हे त्यातून स्पष्ट झाले.

महाड औद्योगिक वसाहत आणि जबाबदारीचे विकेंद्रीकरण

सावित्रीच्या खोऱ्यातील महाड औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखान्यांचे प्राबल्य आहे. ढवळणी यंत्रे, पंप, कॉम्प्रेसर आणि सांडपाणी प्रक्रिया हे सर्व इंडक्शन मोटारींवर चालते आणि या मोटारी सतत रिॲक्टिव्ह शक्ती घेतात. १०० किलोवॉटचा भार ०.८ शक्तिगुणांकावर चालविल्यास १२५ केव्हीए घ्यावे लागतात. तोच भार ०.९५ वर सुमारे १०५ केव्हीएमध्ये भागतो. प्रवाह त्या प्रमाणात उतरल्याने वाहिनीतील उष्णतेची हानी सुमारे २९ टक्क्यांनी घटते. म्हणजेच कारखान्यात बसविलेला कपॅसिटर दूरच्या जनित्राचा भार हलका करतो.

राज्य वीज नियामक आयोग १९९९ मध्ये अस्तित्वात आला, तर २००५ मध्ये मंडळाचे विभाजन झाले. ०.९ पेक्षा कमी शक्तिगुणांकावर दंड आणि ०.९५ पेक्षा अधिकावर सवलत, ही पद्धत दीर्घकाळ रूढ होती. १ एप्रिल २०२० पासून महावितरणच्या उच्चदाब ग्राहकांना केव्हीएएच एककावर आकारणी लागू झाली. परिणामी रिॲक्टिव्ह शक्तीचा हिशेब थेट वीजबिलात आला. मोठ्या कारखान्यास स्वयंचलित कपॅसिटर पॅनेल व प्रशिक्षित विद्युत अभियंता परवडतो; लघुउद्योजकास तो खर्च जड जातो. रात्री भार कमी असताना कपॅसिटर जोडलेलेच राहिल्यास शक्तिगुणांक उलट दिशेने बिघडतो, हेही ध्यानात घेणे आवश्यक आहे.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, समक्रमणानंतर वाढलेली रिॲक्टिव्ह शक्ती हा केवळ यंत्राचा दोष नसून यंत्र, ग्रीड आणि ग्राहक यांच्या परस्परसंबंधाचा परिणाम आहे. खोपोलीच्या काळात ती चालकाच्या हाती होती. आज ती महाडच्या कारखान्याच्या बिलात उमटते. जबाबदारीचे हे स्थलांतर तांत्रिकदृष्ट्या योग्य आहे, कारण ही शक्ती जेथे लागते तेथेच निर्माण करणे हितावह असते. मात्र दंडाबरोबर ज्ञानही लहान उद्योगांपर्यंत पोहोचले, तरच ते न्याय्य ठरेल.