मतदाराची ओळख कोणी पटवायची?

गोमंतकातील देवस्थानांच्या समितीची निवडणूक ज्यांनी जवळून पाहिली आहे, त्यांना एक गोष्ट ठाऊक असेल. १९३३ साली पोर्तुगीज राजवटीत झालेल्या माझनियांच्या कायद्यानुसार महाजनांची यादी ठेवलेली असते, आणि त्या यादीवरून दर तीन वर्षांनी कारभारी निवडले जातात. मत देण्यास आलेल्या महाजनाला 'आपण कोण?' असे सहसा कोणी विचारीत नाही. तो कोणाचा मुलगा, कोणाचा नातू आणि पालखीच्या वेळी कोठे उभा राहतो, हे मंडपातील प्रत्येकाला माहीत असते. कोर्टाची पायरी चढण्याचा प्रसंग येतो तो निराळ्याच प्रश्नावर: अमुक गृहस्थ महाजन आहे किंवा नाही, त्याचे नाव यादीत असावे किंवा नसावे.

हा भेद वरवर क्षुल्लक वाटेल. परंतु मतदारापाशी ओळखपत्र मागावे की न मागावे, या आज जगभर चाललेल्या वादाचे मर्म त्यातच आहे. समोर उभी असलेली व्यक्ती यादीतीलच आहे काय, हा ओळखीचा प्रश्न. आणि त्या व्यक्तीचे नाव यादीत असावे काय, हा पात्रतेचा प्रश्न. हे दोन प्रश्न एकमेकांत मिसळले की वादास तोंड फुटते आणि अन्यायास वाट मिळते. आपल्या देशाचा गेल्या पाऊणशे वर्षांचा अनुभव या दृष्टीने तपासून पाहण्यासारखा आहे.

राज्यघटनेच्या ३२६ व्या कलमाने प्रत्येक सज्ञान नागरिकास मताधिकार दिला, तेव्हा या देशातील बहुसंख्य लोकांना अक्षरओळख नव्हती. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी सतरा कोटींहून अधिक मतदारांची यादी सिद्ध करावयाची होती. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्यापुढे जी अडचण उभी राहिली, तिची कल्पना कायदा करणारांनी केली नसावी. यादी करण्यास कारकून दारी गेला, की घरातील स्त्रिया आपले नाव सांगत ना. 'अमक्याची आई', 'तमक्याची बायको' एवढेच त्या सांगत. परपुरुषासमोर स्वतःचे नाव उच्चारणे हे त्यांच्या कुळाच्या रीतीत बसत नव्हते. सेन यांनी निश्चय केला, की नात्याने ओळखली जाणारी व्यक्ती यादीत येऊ शकत नाही. मतदार म्हणून तिला स्वतःचे नाव असलेच पाहिजे. बिहारमध्ये नावे दुरुस्त करण्यास मुदत वाढवून देण्यात आली. तथापि शेवटी सुमारे आठ कोटी स्त्री मतदारांपैकी जवळजवळ २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून गळाली. ती बहुतांशी बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान, विंध्य प्रदेश आणि मध्य भारत या राज्यांतील होती. मध्य भारत म्हणजे इंदूर आणि ग्वाल्हेर ज्यात मोडत होते ते राज्य, हे आपल्या वाचकांनी ध्यानात घ्यावे.

सेन यांचा निर्णय कठोर होता, पण तो निर्बुद्ध नव्हता. स्त्रीला तिच्या स्वतःच्या नावाने नागरिक मानावयाचे, तर ते नाव कोठेतरी लिहिले जाणे अवश्य होते. पुढील निवडणुकीच्या आत हा दोष बऱ्याच अंशी दूर झाला, हेही खरे. परंतु त्या एका निवडणुकीत २८ लाख स्त्रिया मताला मुकल्या, आणि त्यांतील एकीनेही कोणाची फसवणूक केलेली नव्हती. नियम सद्‌हेतूने केला तरी त्याची किंमत कोणाला मोजावी लागते, याचा हा पहिला धडा होय.

यादीत नाव आले. आता मतदानाच्या खोलीत ओळख कशी पटवायची? आरंभी यावर जी योजना झाली तिचे कौतुक करावे तेवढे थोडे आहे. मतदाराच्या बोटाला न पुसणारी शाई लावावयाची. १९६२ पासून म्हैसूरच्या सरकारी रंगकारखान्यात होणारी ही शाई पुढे सर्वत्र प्रसिद्ध झाली. तिचे वैशिष्ट्य असे, की ती मतदारापाशी काहीच मागत नाही. कागद नको, साक्षीदार नको, पैसा नको. केवळ बोट पुढे करावयाचे. तिने तोतयेपणा पूर्णपणे थांबत नाही. मात्र एकाच माणसाला दुसऱ्यांदा येणे अवघड होते.

तोतयेपणाबद्दल कायद्याने जी व्यवस्था केली, ती वकिली दृष्टीने फार विचारपूर्वक केलेली आहे. १९६१ च्या निवडणूक नियमांनुसार उमेदवाराच्या प्रतिनिधीला एखाद्या मतदाराच्या ओळखीविषयी शंका असेल, तर त्याने प्रथम दोन रुपये अनामत भरून आक्षेप घ्यावा. मग केंद्राध्यक्षाने आक्षेप घेणारापाशी पुरावा मागावा. त्याला आक्षेप सिद्ध करता आला नाही, तर मतदाराला मत देऊ द्यावे. आणि आक्षेप उगाच घेतला असे दिसले, तर अनामत जप्त करावी. उलट एखादा खरा मतदार येण्यापूर्वीच त्याच्या नावावर दुसरा कोणी मत देऊन गेला असेल, तर त्या खऱ्या मतदाराला निराळी मतपत्रिका देऊन त्याचे मत बाजूस ठेवावे. दोन रुपये ही रक्कम आज हास्यास्पद वाटेल. परंतु तिच्यामागील तत्त्व मोठे आहे. यादीतील माणूस खरा आहे असे कायदा धरून चालतो, आणि तो खोटा आहे हे दाखविण्याचा भार शंका घेणारावर टाकतो.

तरीही शहरांतून खोट्या मतदानाच्या तक्रारी येतच राहिल्या. म्हणून १९५८ साली लोकप्रतिनिधित्वाच्या कायद्यात दुरुस्ती होऊन छायाचित्र असलेल्या ओळखपत्राची तरतूद झाली. १९६० साली नैर्ऋत्य कलकत्ता या लोकसभा मतदारसंघाच्या पोटनिवडणुकीत तिचा प्रयोग करण्यात आला. तेथील ३ लाख ४२ हजार मतदारांपैकी दहा महिन्यांच्या खटपटीनंतर २ लाख १३ हजारांची छायाचित्रे घेता आली, आणि २ लाख १० हजारांना ओळखपत्रे देता आली. अनेक स्त्रियांनी छायाचित्र काढून घेण्यास नकार दिला. छायाचित्रकार स्त्री असली तरीही दिला. कित्येक मतदार घरी सापडलेच नाहीत. तेव्हा ही योजना देशभर अमलात आणण्याचा विचार आयोगाने सोडून दिला. शंभरांतील सदतीस-अडतीस खऱ्या मतदारांना दाराबाहेर ठेवून थोडे तोतये रोखणे हा तोट्याचा व्यवहार आहे, हे त्या वेळच्या लोकांना कळले होते.

ओळखपत्रावाचून निवडणूक विश्वासार्ह होऊ शकत नाही, असे जे म्हणतात, त्यांनी गोमंतकाचा जनमतकौल आठवावा. १६ जानेवारी १९६७ रोजी महाराष्ट्रात विलीन व्हावे की केंद्रशासित प्रदेश म्हणून राहावे, या प्रश्नावर गोमंतकीयांनी मत दिले. फूल आणि दोन पाने या चिन्हांनी त्या वेळी घरे दुभंगली होती. एकाच देवळाच्या उत्सवात उभे राहणारे भाऊबंद एकमेकांशी बोलत नव्हते. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० आणि विरुद्ध १,७२,१९१ मते पडली. अंतर ३४,०२१ मतांचे. निकाल कोणाला रुचला, कोणाला टोचला. आजही या पानांचे वाचक त्याविषयी एकमताचे नसतील. परंतु छायाचित्राच्या ओळखपत्रावाचून केवळ यादी, शाई आणि दोन्ही पक्षांच्या प्रतिनिधींची जागरूक नजर यांवर घेतलेला तो कौल हरलेल्या पक्षानेही मानला, आणि त्यावर आमच्या प्रदेशाचे भवितव्य उभे राहिले, ही गोष्ट लहान नव्हे.

असे असले तरी शहरे वाढली, शेजारी शेजाऱ्याला ओळखेनासा झाला, आणि प्रतिनिधीची नजर पुरेशी राहिली नाही, हेही मान्य केले पाहिजे. ओळखपत्राच्या बाजूचा खरा युक्तिवाद हाच आहे, आणि तो वजनदार आहे. १९७९ साली सिक्कीममध्ये विधानसभेच्या निवडणुकीस ओळखपत्रे वापरली गेली. पुढे ऑगस्ट १९९३ मध्ये मुख्य निवडणूक आयुक्त टी. एन. शेषन यांनी सर्व देशभर छायाचित्र-ओळखपत्रे देण्याचा आदेश काढला, आणि ती न दिल्यास निवडणुकाच घेणार नाही असा इशारा दिला. राज्य सरकारांनी खर्चाची तक्रार केली. वाद न्यायालयापर्यंत गेले. पण त्या आदेशातील एक गुण विसरता कामा नये: ओळखपत्र तयार करून मतदाराच्या हाती देण्याचा भार त्यांनी सरकारवर टाकला होता. कालांतराने ओळखपत्र दाखविणे आवश्यक झाले, तरी ते नसल्यास दुसरा पुरावा चालावा अशी सोय ठेवण्यात आली. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत असे बारा पर्यायी दस्तऐवज मान्य होते. ओळखपत्रातील किरकोळ लेखनदोषांकडे दुर्लक्ष करावे, असाही आयोगाचा निर्देश आहे.

या निर्देशाची किंमत आमच्या समाजाला विशेष कळावी. लग्नात सुनेचे नाव बदलण्याची आपली जुनी चाल आहे. तांदळांच्या ताटात लिहिलेले नाव सासरचे, आणि शाळेच्या दाखल्यावरील नाव माहेरचे. गोमंतकात त्यात पोर्तुगीज नोंदींची भर पडते. कामताचा 'कामोतीम', प्रभूचा 'पोरोबो', शेणव्याचा 'सिनाय' झालेला असतो. एका मतदानाच्या दिवशी मी स्वतः पाहिले, की एका वृद्ध बाईंना केंद्रावरील अधिकाऱ्याने परत पाठविले. कारण ओळखपत्रावर सासरचे नाव होते आणि यादीत माहेरचे. विरोधी पक्षाचा तरुण प्रतिनिधी उठून म्हणाला, "साहेब, ह्या आमच्याच वाड्यावरच्या. लहानपणापासून मी ह्यांना काकी म्हणतो." तेवढ्यावर काकींनी मत दिले. ते मत आपल्या पक्षाला पडणार नाही, हे त्या तरुणाला बहुधा ठाऊक असावे.

परदेशांतही हा वाद जोरात आहे. अमेरिकेतील इंडियाना राज्याने २००५ साली छायाचित्राचे ओळखपत्र सक्तीचे केले. २००८ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा सहा विरुद्ध तीन मतांनी वैध ठरविला. परंतु प्रमुख निकालपत्रातच नमूद आहे, की मतदान केंद्रावर तोतया येऊन मत देऊन गेल्याचा त्या राज्यातील एकही पुरावा न्यायालयापुढे नव्हता. ब्रिटनने २०२२ साली कायदा केला, आणि मे २०२३ मध्ये इंग्लंडच्या स्थानिक निवडणुकांत ओळखपत्र प्रथम मागितले गेले. ज्या देशांत प्रत्येक नागरिकापाशी सरकारी ओळखपत्र असतेच असे नाही, तेथे ही सक्ती कोणाला जड जाते हा प्रश्न निकडीचा होतो.

आपल्याकडे प्रश्नाचे स्वरूप मात्र आता पालटले आहे. २४ जून २०२५ रोजी आयोगाने बिहारमधील मतदार याद्यांची विशेष सखोल फेरतपासणी करण्याचा आदेश काढला. ज्यांची नावे २००३ च्या यादीत नव्हती, त्यांच्याकडे जन्म व नागरिकत्व यांविषयीचे दस्तऐवज मागण्यात आले. १ ऑगस्टच्या मसुदा यादीतून सुमारे ६५ लाख नावे वगळलेली दिसली. मृत्यू, स्थलांतर आणि दुबार नोंद ही त्याची कारणे आयोगाने सांगितली. आणि जुन्या याद्यांत अशी नावे असतात, हे कोणीही प्रामाणिक माणूस नाकारणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने १४ ऑगस्ट रोजी वगळलेल्यांची नावे कारणांसह प्रसिद्ध करण्यास सांगितले, आणि ८ सप्टेंबर रोजी आधारपत्र हे ओळखीचा पुरावा म्हणून, नागरिकत्वाचा म्हणून नव्हे, बाराव्या क्रमांकाने स्वीकारण्याचा आदेश दिला. ऑक्टोबर २०२५ मध्ये हीच फेरतपासणी आणखी बारा राज्यांत व केंद्रशासित प्रदेशांत जाहीर झाली. त्यांत गोवा, गुजरात आणि मध्य प्रदेश आहेत. म्हणजे पणजीच्या, वडोदऱ्याच्या आणि इंदूर-ग्वाल्हेरच्या मराठी घरांपर्यंत तो कागद पोहोचला.

येथे ओळखीचा प्रश्न मागे पडून पात्रतेचा प्रश्न पुढे आला आहे, आणि त्याबरोबर पुराव्याचा भारही सरकला आहे. १९९५ साली लालबाबू हुसेन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते, की यादीत आधीपासून असलेले नाव रीतसर चौकशीनंतरच आले असे गृहीत धरावे, आणि ते काढण्यापूर्वी त्या व्यक्तीला पुरेशी संधी द्यावी. दोन रुपयांच्या अनामतीमागील तत्त्व आणि या निकालामागील तत्त्व एकच आहे. याद्या शुद्ध असाव्यात, याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. मृत माणसाच्या नावे पडलेले मत हे जिवंत माणसाच्या मताची चोरीच होय. परंतु खरा मतदार गळणे हीही तितकीच मोठी चोरी आहे. फरक इतकाच, की तीत चोर दिसत नाही. म्हणून कागद मागावयाचा असेल तर तो सरकारने मिळवून द्यावा, मुदत पुरेशी असावी, आणि नाव काढण्याचे कारण माणसाला लेखी कळवावे.

सरकारने काय करावे हे सांगून आपले काम संपत नाही. नाव घालण्यास सहा क्रमांकाचा, आक्षेपास सात क्रमांकाचा आणि दुरुस्तीस आठ क्रमांकाचा अर्ज असतो, एवढेदेखील आपल्या घरांतून पुष्कळांना माहीत नसते. जत्रेला, सप्ताहाला माणसे गावी येतात. देवळाच्या सभामंडपात त्या दिवशी यादीची एक प्रत ठेवली, आणि दोन शिकलेली मुले अर्ज भरून देण्यास बसविली, तर एकट्या राहणाऱ्या विधवा, नाव बदललेल्या सुना आणि नोकरीपायी परगावी गेलेली मुले यांची नावे तपासली जातील. ते काम पक्षाचे नव्हे. आणि वाड्यावरच्या काकींना ओळखणारा माणूस कोणत्या पक्षाचा आहे, हे त्या दिवशी कोणी विचारू नये.