कोंबड्यांच्या खुराड्यातला स्टुडिओ

साल १८६६. उन्हाळा आहे, म्हणजे इंग्लंडात असतो तेवढाच. आइल ऑफ वाइट बेटाच्या पश्चिम टोकाला फ्रेशवॉटर नावाचं गाव आहे आणि तुम्ही तिथल्या रस्त्याने समुद्राकडे निघाला आहात. वाटेत दोन घरं जोडून केलेलं एक मोठं घर लागतं. नाव 'डिम्बोला'. सिलोनमधल्या मळ्याचं नाव इंग्लंडातल्या घराला दिलंय. इथून जरा भरभर जायचं असतं. या घरातली बाई रस्त्यावर डोळा ठेवून असते आणि एखादा चेहरा आवडला की त्या माणसाला धरून आत नेते. तुम्ही पाटी वाचत रेंगाळलात. आता सुटका नाही.

बाई ठेंगण्या, पन्नाशी ओलांडलेल्या. हातांवर काळे डाग. ते सिल्व्हर नायट्रेटचे आहेत, साबणाने जात नाहीत. बोलणं अखंड. नाव ज्युलिया मार्गारेट कॅमरन. जन्म कलकत्त्याचा, वडील कंपनी सरकारच्या नोकरीत. आतल्या खोलीत पांढऱ्या दाढीचे गृहस्थ बसलेत ते चार्ल्स कॅमरन, बाईंहून वीस वर्षांनी मोठे. आपण २०२४ सालापर्यंत जी भारतीय दंडसंहिता वापरली, तिचा मूळ मसुदा करणाऱ्या मेकॉलेच्या विधी आयोगाचे ते एक सदस्य होते. सध्या सिलोनमधल्या त्यांच्या कॉफीचं काही खरं नाही आणि घरात पैशांची चणचण आहे. बाईंकडे पाहून मात्र ते कळत नाही.

तुम्हाला मागच्या बाजूला नेलं जातं. काचेचं छप्पर असलेली ही जागा पूर्वी कोंबड्यांचं खुराडं होती. १८६३ च्या डिसेंबरात मुलीने आणि जावयाने बाईंना कॅमेरा भेट दिला, एकटेपणात करमणूक म्हणून. वय अठ्ठेचाळीस. कोंबड्या बाहेर काढून स्टुडिओ झाला, कोळशाच्या कोठीची डार्करूम झाली. एका शेतकऱ्याला पैसे देऊन समोर बसवलं, आणि त्याचं चित्र उमटल्यावर ओल्या काचेवरून बाईंचाच तळहात फिरला. शेतकरी पुसला गेला. पुढच्याच महिन्यात ॲनी नावाची एक लहान मुलगी नीट उमटली, तेव्हा आनंदाने बाईंनी त्या पोरीला द्यायला काहीतरी शोधत घरभर धाव घेतली. छापा काढून, चौकटीत बसवून तो त्याच दिवशी तिच्या वडिलांच्या हातात ठेवला.

बसा आता. अंगावर गडद शाल येते. कोट, बटणं, कॉलर सगळं झाकलं जातं. तुम्ही कोणत्या शतकातले हे आता छायाचित्रात कळणार नाही. तुमच्यासारख्या पाहुण्याला ते सोयीचंच. बाई पडदे ओढतात, उजेड एकाच बाजूने आत घेतात. मग काळ्या कापडाखाली शिरून कॅमेऱ्यामागच्या दुधी काचेवर तुमचा उलटा चेहरा पाहत स्क्रू फिरवायला लागतात.

इथे नीट लक्ष द्या, कारण सगळं काम या एका हालचालीत आहे. दुसरा कोणताही फोटोग्राफर पापणीचा केस न् केस दिसेपर्यंत स्क्रू फिरवत राहिला असता. बाई मध्येच थांबतात. काचेवर काहीतरी सुंदर दिसलं की तिथेच हात काढून घेतात. सुरुवातीचे असे धूसर फोटो नशिबाने जमले, असं त्या स्वतःच पुढे लिहितील. ते खरंही असेल. पण नशिबाने जमलेलं ओळखून पुन्हा पुन्हा मुद्दाम तसंच करायचं, याला मी तरी नशीब म्हणणार नाही.

काच तयार व्हायची आहे, तोवर बाईंच्या मागोमाग डार्करूममध्ये या. पिवळा उजेड, ईथरचा डोक्यात जाणारा वास. बारा बाय पंधरा इंचांची जड काच बाई एका हातावर तोलतात, तिच्यावर पाकासारखं दाट कोलोडियन ओततात आणि या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात खेळवतात. मग ती सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवतात. आता घाई. ओली आहे तोवरच ही काच उजेड टिपते. वाळली की संपलं.

परत जागेवर. लंडनच्या स्टुडिओंत मान मागून धरायला लोखंडी चिमटा असतो. बाईंना तो चालत नाही. झाकण निघालं. तीन मिनिटं, पाच, कधी सातसुद्धा. सुरुवातीला तुम्ही फोटोसाठी ठेवणीतला चेहरा करता. थोड्या वेळाने तो गळून पडतो. नाकाला खाज सुटते, डोळ्यांत पाणी येतं, मनात भलतेच विचार येतात. बाई याचीच वाट पाहत आहेत.

काच धुऊन पक्की होते आणि बाई ती तशीच ठिबकत चार्ल्सना दाखवायला पळतात. जेवणाच्या टेबलावरच्या चादरी या ठिबकण्याने खराब झाल्या आहेत. तुमच्या काचेवर एक केस चिकटलाय, कोपऱ्यात बोटाचा ठसाही आहे. काढणार नाहीत. फोटोग्राफीच्या मासिकांतले टीकाकार याला गबाळेपणा म्हणतात.

हे सगळं येतं कुठून? राफाएल, जोत्तो, पेरुजिनो यांच्या चित्रांच्या छापील प्रतींतून. बहिणीच्या घरी राहणारा चित्रकार वॉट्स याच्या शिकवणीतून. शेजारी राहणाऱ्या टेनिसनच्या कवितांतून. पाणी घेऊन आलेली ही मोलकरीण मेरी हिलियर, शहाळ्यासारखा नितळ चेहरा. कालच्या फोटोत ती मॅडोना होती. दुसरी मेरी रायन, रस्त्यावर भीक मागताना बाईंना भेटली होती. लंडनच्या प्रदर्शनात एक तरुण तिच्यावर भाळलाय आणि पुढच्या वर्षी तिच्याशी लग्न करणार आहे. त्याचं नाव हेन्री कॉटन. १९०४ साली मुंबईत भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष ते हेच.

एक वर्ष पुढे सरकू. एप्रिल १८६७, केंट परगण्यातलं हॉकहर्स्ट. बाई सगळं सामान घेऊन सर जॉन हर्शेल यांच्या घरी आल्या आहेत. छायाचित्र पक्कं करणाऱ्या हायपो या रसायनाचे गुण ओळखणारे, 'निगेटिव्ह' आणि 'पॉझिटिव्ह' हे शब्द रूढ करणारे हे शास्त्रज्ञ. दोघांची ओळख १८३६ ची, केप ऑफ गुड होपची. बाई कलकत्त्यात असताना फोटोग्राफीच्या शोधाची खबर हर्शेलनीच पत्रातून कळवली होती. आज पंचाहत्तर वर्षांच्या या गुरुतुल्य माणसाला त्या केस धुऊन यायला सांगतात आणि मग स्वतःच्या हातांनी ते विस्कटतात. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरे केस पेटल्यासारखे दिसतात. डोळे कॅमेऱ्याकडे नाहीत. आकाश मोजण्यात आयुष्य गेलेल्या माणसाचे आहेत.

१८७४ मधल्या राजा आर्थरच्या प्रसंगांपाशी मी तुम्हाला फार थांबवणार नाही. टेनिसनच्या काव्यासाठी केलेल्या त्या फोटोंत घरच्याच लोकांना पोशाख चढवले आहेत. जादूगार मर्लिन झालेल्या चार्ल्सना हसू आवरत नसे, त्यात कितीतरी काचा वाया गेल्या. मला ती चित्रं हौशी नाटकाच्या तालमीपलीकडे जाताना दिसत नाहीत. वेष काढून नुसता चेहरा समोर घेतला की याच बाईंना तोड नाही.

१८७५ मध्ये कॅमरन दांपत्य सिलोनला निघून गेलं आणि तिथेच २६ जानेवारी १८७९ रोजी बाई वारल्या. काम म्हणावं असं झालं ते जेमतेम बारा वर्षांत.

त्या काळी घरोघरी खपणारी छायाचित्रं व्हिजिटिंग कार्डाएवढी असत आणि त्यांत माणूस डोक्यापासून बुटांपर्यंत मावलेला असे. बाईंनी चेहराच जवळजवळ खऱ्या मापाचा केला. म्हणून हर्शेलचं ते छायाचित्र फोनवर पाहून समाधान मानू नका. तिथे ते पुन्हा कार्डाएवढं होतं. लंडनला जाणं झालं तर व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये बाईंचे मूळ छापे कुठे लागलेत याची चौकशी करा. या संग्रहालयाने त्यांची छायाचित्रं १८६५ मध्येच विकत घेतली होती, मासिकवाले त्यांना गबाळ्या म्हणत होते तेव्हा.