चाल कुणाची?

आज आपण एक छोटाच प्रश्न घेऊ: जुन्या चालीवर नवं गाणं बांधलं, तर ते कुणाचं?

१९६५ साली अमेरिकेत ‘द टॉइज’ या तीन मुलींच्या गटाचं ‘अ लव्हर्स कॉन्चेर्टो’ हे गाणं आलं. कर्ते म्हणून नावं सँडी लिंझर आणि डेनी रँडेल यांची. बिलबोर्डच्या यादीत ते दुसऱ्या क्रमांकावर पोचलं. पण ज्यानं चार दिवस पियानो शिकलाय, तो पहिल्याच ओळीला म्हणेल, अहो, हा तर जी मेजरमधला मिन्युएट!

आता गंमत पाहा. मिन्युएट हा तीन मात्रांचा नाच. गाण्यात तो चार मात्रांत बसवलाय. दादऱ्यातली चाल केरव्यात घ्यावी, तसंच म्हणा ना. सुरांचा क्रम जवळपास तोच, पण वजन सरकलं आणि दरबारी नाचाचं रस्त्यावर गुणगुणायचं गाणं झालं. आपल्याकडे सलिल चौधरींनी १९६१च्या ‘छाया’ चित्रपटात मोझार्टच्या चाळिसाव्या सिंफनीच्या सुरुवातीवरून तलत-लताचं द्वंद्वगीत बांधलं, तेही याच जातीचं. ही नक्कल नव्हे. त्यात काम आहे, विचार आहे.

मग ऋणाचं काय? एरिक कार्मेननं १९७५ साली ‘ऑल बाय मायसेल्फ’साठी रखमानिनॉव्हच्या दुसऱ्या पियानो कॉन्चेर्टोतली सुरावट घेतली. त्याला वाटलं, आता ही सगळ्यांचीच. अमेरिकेत तसं होतंही. पण रखमानिनॉव्ह वारले १९४३ साली, आणि इतर देशांत हक्क शिल्लक होते. अखेर वारसांना मानधनाचा वाटा द्यावा लागला. म्हणजे कायद्याचं उत्तर देशागणिक बदलतं. नीतीचं उत्तरही तसंच बदलावं का?

आपल्या संगीत नाटकांच्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर ‘चाल’ असं लिहून मूळ गाण्याचा उल्लेख छापत. आम्हाला ही साधी रीत फार मोलाची वाटते. घेतलं, आणि कुठून घेतलं ते सांगितलं. त्यानं नाटककाराचा मान काही उणावला नाही.

पण थांबा, इथं एक पेच आहे. तो मिन्युएट १७२५ साली सुरू झालेल्या, बाखच्या पत्नीच्या वहीत सापडतो, तोही कर्त्याच्या नावाशिवाय. वही बाखच्या घरची, म्हणून जगानं तो बाखचा मानला. १९७०च्या दशकात अभ्यासकांनी दाखवून दिलं की तो ड्रेस्डेनचे ऑर्गनवादक क्रिस्टियान पेट्झोल्ड यांचा. म्हणजे १९६५च्या त्या तबकडीवर कुणी प्रामाणिकपणे ‘चाल : बाख’ असं छापलं असतं, तरी ऋण चुकीच्या माणसाच्या खात्यावर पडलं असतं!

तेव्हा मंडळी, श्रेय देणं हे नुसत्या सचोटीनं भागत नाही. त्याला शोधही लागतो. पेट्झोल्ड १७३३ साली गेले. त्यांचं नाव त्यांना परत मिळायला सव्वादोनशेहून अधिक वर्षं लागली. तोवर त्यांची चाल मात्र घरोघरी वाजतच होती.