धुक्यातील वाटसरू : युरी नॉर्श्टेन यांचे ॲनिमेशनपट आणि सोव्हिएत स्टुडिओव्यवस्था

रशियन सांस्कृतिक इतिहासात वाटसरूला फार जुने स्थान आहे. पाठीवर गाठोडे टाकून मठामठांतून हिंडणारा, घरदार सोडलेला 'स्त्रान्निक' हा तेथील लोकजीवनाचा परिचित घटक होता. वसिली पेरोव यांनी १८७० मध्ये त्याचे चित्र रंगविले, तर निकोलाय लेस्कोव यांनी १८७३ मध्ये अशाच एका भटक्याला आपल्या कादंबरिकेचा नायक केले. १८७० मध्येच स्थापन झालेल्या वास्तववादी चित्रकारांच्या संस्थेस 'पेरेद्विझ्निकी', म्हणजे फिरते चित्रकार, असे नाव पडले. अर्थात तेथे फिरत होती ती प्रदर्शने, चित्रकार नव्हेत.

विसाव्या शतकात हे चित्र पालटले. १९३२ मध्ये सोव्हिएत राजवटीने अंतर्गत पारपत्राची पद्धत सुरू केली आणि माणसाचे नाव त्याच्या पत्त्याशी बांधले गेले. मे १९६१ च्या हुकुमाने 'परोपजीवी' जीवन जगणाऱ्यांवर कारवाईची तरतूद झाली. याच आरोपाखाली कवी जोसेफ ब्रॉडस्की यांच्यावर १९६४ मध्ये लेनिनग्राद येथे खटला चालला. निरुद्देश भटकणे हा अशा रीतीने गुन्ह्याच्या कक्षेत आला. त्याच १९६१ साली युरी नॉर्श्टेन (जन्म १९४१) हे मॉस्कोच्या सरकारी 'सोयुझमुल्टफिल्म' स्टुडिओत रुजू झाले. हा केवळ योगायोग होय. त्यावर फार मोठा सिद्धांत उभारणे उचित ठरणार नाही. तथापि ज्या राज्याला वाटसरू नको होता, त्याच राज्याच्या स्टुडिओत वाटसरूची सर्वांत हळुवार चित्रे निर्माण झाली, ही वस्तुस्थिती इतिहासाच्या अभ्यासकास विचार करावयास लावणारी आहे.

सोयुझमुल्टफिल्मची स्थापना १९३६ मध्ये झाली. आरंभीच्या काळात या स्टुडिओने डिस्नेचा कित्ता गिरविला: पारदर्शक पत्र्यांवरील रेखाटने, कामाची कारखानी विभागणी आणि बोधप्रद प्राणिकथा. स्टालिनोत्तर काळात ही चौकट सैल झाली. फ्योदोर खित्रुक यांच्या १९६२ च्या 'एका गुन्ह्याची कथा' या लघुपटाने सपाट, आधुनिक चित्रशैली आणली. १९७१ मध्ये नॉर्श्टेन यांनी ज्येष्ठ दिग्दर्शक इव्हान इव्हानोव-व्हानो यांच्यासमवेत 'केर्झेनेत्सची लढाई' हा लघुपट केला. त्यात जुन्या रशियन धर्मचित्रांना आणि भित्तिचित्रांना गती देण्यात आली होती. चित्रकलेचा वारसा पडद्यावर जिवंत करण्याचा मार्ग त्यांना येथे गवसला, असे म्हणता येईल.

या मार्गाचे परिपक्व रूप १९७५ च्या 'धुक्यातील हेजहॉग' या सुमारे दहा मिनिटांच्या लघुपटात दिसते. सर्गेई कोझलोव यांच्या बालकथेवर तो आधारलेला आहे. हेजहॉग हा अंगावर काटे असलेला इवलासा प्राणी. तो रोज संध्याकाळी मित्र अस्वलाकडे चहा पिण्यास व तारे मोजण्यास जातो. एके दिवशी रास्पबेरीच्या मुरंब्याची पुरचुंडी घेऊन निघाला असता त्याला धुक्यात एक पांढरा घोडा दिसतो. घोडा धुक्यात आडवा झाला तर गुदमरेल काय, एवढ्या एका कुतूहलापायी तो वाट सोडून धुक्यात उतरतो. पुढे घडते ते स्वप्नासारखे आहे. पान गळते, गोगलगाय सरकते, पाठलाग करणारे घुबड प्रकटते व नाहीसे होते. काठीने चाचपडताना एका प्रचंड झाडाचे खोड हाती लागते आणि नजर वर वर जात राहते. हरवलेली पुरचुंडी कुत्रा आणून देतो. नदीत पडलेल्या हेजहॉगला पाण्याखालचा कोणी अनोळखी जीव पाठीवर घेऊन काठाला लावतो. शेवटी तो अस्वलाजवळ पोहोचतो. अस्वल बोलत असते. याचे मन मात्र धुक्यातील घोड्यापाशीच राहिलेले असते.

या धुक्याची घडण समजून घेतल्याशिवाय लघुपटाचा आशय पुरता उमगत नाही. चित्रकार फ्रान्चेस्का यार्बुसोवा या नॉर्श्टेन यांच्या पत्नी. पात्रे व पार्श्वभूमी त्यांनी चितारली. छायाचित्रण अलेक्झांडर झुकोव्स्की यांचे होते. पात्रे एकसंध नसून लहान लहान कातरलेल्या तुकड्यांची असत. हे तुकडे एकावर एक, मध्ये अंतर राखून बसविलेल्या काचांवर मांडले जात आणि वरून खाली रोखलेला कॅमेरा एकेक चौकट टिपत असे. धुक्यासाठी दृश्यावर अतिशय पातळ, अर्धपारदर्शक कागद अंथरला जाई व तो चौकटीगणिक किंचित वर, कॅमेऱ्याच्या दिशेने उचलला जाई. कागद आकृतीपासून जसजसा दूर जाई, तसतशी आकृती विरघळे. सेकंदाला २४ चौकटींचा हिशेब लक्षात घेता या कामाला लागणाऱ्या वेळेची कल्पना येते. नदीसाठी मात्र खरे पाणी चित्रित करून वापरले गेले, आणि तरीही ते रंगविलेल्या जगात परके वाटत नाही.

या लघुपटाकडे राजकीय रूपक म्हणून पाहण्याचा मोह स्वाभाविक आहे: धुके म्हणजे राजवट, घोडा म्हणजे स्वातंत्र्य. परंतु असे वाचन कलाकृतीला लहान करते. शिवाय त्याने इतिहासाचीही दिशाभूल होते. चित्रपटात धुके भयावह आहे तसेच दयाळूही आहे. हरवलेल्याला तेथे अनोळखी मदत मिळते. अधिकृत कलेत प्रवासाला ठरलेले मुक्काम असे, तर नॉर्श्टेन यांचा हेजहॉग मुक्कामाला पोहोचूनही वाटेवरच रेंगाळतो. त्यांचा खरा वेगळेपणा या रेंगाळण्यात, वेळेविषयीच्या त्यांच्या दृष्टीत आहे. हा वेळ कोणी पुरविला? वेतन, काचा, कॅमेरा, फिल्म हे सारे शासनाचे होते, आणि तिकीटविक्रीची चिंता दिग्दर्शकास नव्हती. कलावंत विरुद्ध राजवट या सरधोपट मांडणीत ही बाजू सहसा निसटते.

अर्थात त्या वेळेची किंमतही होती. १९७९ चा 'कथांची कथा' हा २९ मिनिटांचा लघुपट नॉर्श्टेन यांनी ल्युडमिला पेत्रुशेव्स्काया यांच्यासह लिहिला. अंगाईगीतातील करडा लांडगा त्यात मॉस्कोतील पाडावयास आलेल्या जुन्या घरापाशी घुटमळतो. नृत्य करणाऱ्या जोड्यांतून युद्धकाळी पुरुष एकेक करून नाहीसे होतात. त्यातच एक वाटसरू येतो. समुद्रकाठचे एक कुटुंब त्याला जेवणास बसविते, आणि तो पुन्हा रस्त्याने निघून जातो. तो कोण, कोठला, हे कोणी विचारीत नाही. मूळ शीर्षक अंगाईतील लांडग्यावरून घेतलेले होते. ते अधिकाऱ्यांना रुचले नाही व बदलावे लागले. नवे शीर्षक तुर्की कवी नाझिम हिकमत यांच्या कवितेवरून घेण्यात आले. त्याच वर्षी नॉर्श्टेन यांना सोव्हिएत राज्य पुरस्कारही मिळाला. १९८४ मध्ये लॉस एंजेलिस येथील ऑलिंपिक कलामहोत्सवानिमित्त घेतलेल्या कौलात 'कथांची कथा' सर्वकालीन श्रेष्ठ ॲनिमेशनपट ठरला.

१९८१ मध्ये हाती घेतलेला गोगोलच्या 'ओव्हरकोट'वरील चित्रपट मात्र रखडला. मोजक्या सहकाऱ्यांसह चाललेले हे काम फार संथ आहे, या कारणास्तव दशकाच्या मध्यास नॉर्श्टेन यांना स्टुडिओ सोडावा लागला. चित्रपट पुढे अन्यत्र चालू राहिला, पण अद्याप पूर्ण झालेला नाही. ज्या व्यवस्थेने वेळ दिला तिनेच तो मोजावयास घेतला, आणि नंतरच्या बाजारव्यवस्थेकडे तर तो मुळातच नव्हता.

वाटसरू पुन्हा भेटला तो जपानमध्ये. शिरीष पै यांच्यामुळे मराठी वाचकास हायकूची ओळख झालेली असल्याने बाशो हे नाव येथे अपरिचित नाही. बाशो आणि त्याच्या सोबत्यांनी १६८४ मध्ये नागोया येथे रचलेल्या ३६ कडव्यांच्या काव्यमालेवर किहाचिरो कावामोतो यांनी २००३ मध्ये 'हिवाळ्याचे दिवस' हा चित्रपट सिद्ध केला. त्यासाठी निरनिराळ्या देशांतील ३५ ॲनिमेशनकारांत कडवी वाटून दिली होती. काचेवर तैलरंगांनी बोटांनी चित्रे रंगविणारे अलेक्झांडर पेत्रोव हे नॉर्श्टेन यांचे शिष्य त्यांत होते. पहिले कडवे नॉर्श्टेन यांच्याकडे आले. त्यात बोचऱ्या वाऱ्यात फिरणारा बाशो स्वतःची तुलना चिकुसाई नावाच्या कथेतल्या भटक्या वैदूशी करतो. नॉर्श्टेन यांनी ही तुलना प्रत्यक्ष भेटीत बदलली. त्यांच्या चित्रणात हे दोन्ही वाटसरू रानात समोरासमोर येतात.