‘टेक’ नावाची अमानत

बी.एड.च्या दिवसांत मी उर्दू आणि मराठीचे बरेच पाठ संगणकावर टाइप केले होते. ते अजून जपून ठेवलेत, पण वाचता येत नाहीत. उर्दूच्या फाइल उघडणारं सॉफ्टवेअर माझ्या आताच्या संगणकावर चालत नाही. मराठीच्या फाइल उघडतात, पण तो जुना फॉन्ट नसल्यामुळे अक्षरांऐवजी नुसत्या खुणा दिसतात. वीस वर्षांतच ही गत!

म्हणून ‘टेक’चा इतिहास मला महत्त्वाचा वाटतो. नावातला शेवटचा उच्चार ग्रीक आहे. तो आपल्या ‘ख़े’च्या जवळचा. १९७७ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक डोनाल्ड क्नुथ यांच्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची मुद्रितं आली. खिळ्यांची छपाई जाऊन नवं तंत्र आलं होतं आणि पानं त्यांना पाहवेनात. तेव्हा त्यांनी पानं जुळवणारं सॉफ्टवेअर स्वतःच लिहायला घेतलं. वर्षभराचं वाटलेलं काम दहा वर्षं चाललं.

ते त्यांनी सर्वांसाठी मोफत खुलं केलं. १९८६ मध्ये त्याचा संपूर्ण कोड स्पष्टीकरणासह पुस्तकरूपात छापला. चूक दाखवणाऱ्याला बक्षिसाचा चेक दिला. मग १९९० मध्ये जाहीर केलं, की आता नवी सोय नाही, फक्त चुका दुरुस्त होतील. प्रत्येक दुरुस्तीला आवृत्तीचा क्रमांक ‘पाय’च्या किमतीकडे एक अंक सरकतो. २०१४ नंतरची दुरुस्ती थेट २०२१ मध्ये झाली आणि क्रमांक ३.१४१५९२६५३ झाला.

टेकची फाइल म्हणजे साधा मजकूर. त्यामुळे १९९० मधली फाइल आजही उघडते आणि फॉन्ट तेच असतील तर ओळीही तिथेच तुटतात. अर्थात, नव्या संगणकांवर टेक चालतं ठेवायला स्वयंसेवक राबतात. मूळ गाभा मात्र तोच राहतो.

क्नुथ यांची एक अट आहे: हवे ते बदल करा, पण बदललेल्याला ‘टेक’ म्हणू नका. ती त्यांनी स्वतःही पाळली. १९८७ मध्ये पिएर मॅके यांच्यासोबत त्यांनी उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या लिपींची सोय मांडली, तेव्हा त्या रूपाला वेगळं नाव दिलं. १९९१ मध्ये फ्रान्स वेल्टहाउस यांनी टेकसाठी देवनागरीची सोय केली. माझ्या दोन्ही लिपींना तिथे जागा मिळाली, तीही मूळ न हलवता.

वक्फची कल्पना आपल्याला परकी नाही: मूळ तसंच ठेवायचं, फायदा सर्वांना द्यायचा. विहीर खोदणारा निघून गेला तरी पाणी मिळत राहतं. ‘सदका-ए-जारिया’ शिकवताना मी आता विहिरीसोबत टेकचंही उदाहरण देतो.

आणि माझे नवे पाठ युनिकोडमध्ये, साध्या मजकुराच्या फाइलमध्ये ठेवतो. माझ्यानंतर वर्गावर येणाऱ्याला ते वाचता आले पाहिजेत.