पडद्यावरचा हात

सिनेमात चित्रकार आला की मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत नाही, हाताकडे बघते. ब्रश किती वरून धरलाय, मनगट कागदावर टेकलंय का, लांब रेघ ओढताना कोपर हलतो की नुसती बोटं. जे. जे.त अप्लाइड आर्ट शिकून मी फोर्टातल्या एका जाहिरात एजन्सीच्या स्टुडिओत लागले आणि तिथेच निवृत्त झाले. लेटरिंग, पेस्ट-अप, एअरब्रश हे माझं काम. त्यामुळे खोटा हात मला लगेच कळतो. नट आधीच रंगवून ठेवलेल्या चित्रावर एकाच जागी ब्रश गिरवतो, आणि पुढच्या शॉटमध्ये चित्र पूर्ण. दिवसभराची मेहनत त्या एका कटमध्ये गायब होते.

एक हात मात्र खरा आहे. गुरुदत्त यांच्या १९५५ सालच्या 'मिस्टर अँड मिसेस '५५'मधला. नायक प्रीतम हा बेकार व्यंगचित्रकार. खिसा रिकामा, वर्तमानपत्रात फोटोग्राफर असलेल्या मित्राच्या, म्हणजे जॉनी वॉकरच्या, जिवावर जगणारा. मधुबालाच्या अनिताला वडिलांच्या मृत्युपत्राप्रमाणे सत्तर लाखांची इस्टेट मिळायची तर एकवीस पूर्ण झाल्यावर महिन्याभरात लग्न करायला हवं. तिची आत्या सीतादेवी, म्हणजे आपल्या ललिता पवार, पैसे देऊन नावापुरता नवरा आणते. लग्न करायचं आणि लगेच घटस्फोट घ्यायचा, असा बेत. त्याच वर्षी संसदेत हिंदू विवाह कायदा झाला होता, घटस्फोटावर घरोघरी वाद चालू होते. सिनेमाची बाजू उघडच जुन्या वळणाची आहे. ती मला तेव्हाही पटली नव्हती आणि आजही पटत नाही. पण सीतादेवी प्रीतमला कम्युनिस्ट आहेस का विचारते आणि तो शांतपणे कार्टूनिस्ट असल्याचं सांगतो, तेव्हा आमच्या धंद्याला पडद्यावर एवढ्या सहजपणे मान मिळालेला पाहून मला फार बरं वाटतं.

आणि मग तो चित्र काढतो. चाबूक उगारलेल्या सीतादेवीचं. पडद्यावर जी रेघ उमटते ती आर. के. लक्ष्मण यांची. नायकाचा चेहरा गुरुदत्तचा, हात लक्ष्मणचा. ब्रश आणि काळी शाई घेऊन काम करणाऱ्याची रेघ कुठे जाड होते, कुठे वळताना बारीक होते, ते नटाला आठवडाभर शिकवूनही येत नाही. ती रेघ चाचपडत नाही. कुठे संपायचं ते तिला निघतानाच ठाऊक असतं.

लक्ष्मण तेव्हा 'टाइम्स ऑफ इंडिया'त होते. १९४७ पासून. त्याआधी 'फ्री प्रेस जर्नल'मध्ये, जिथे बाळ ठाकरेही व्यंगचित्रं काढत. (२०१९ च्या 'ठाकरे' चित्रपटात तो काळ येतो.) आमच्या जे. जे.ने एके काळी लक्ष्मण यांना प्रवेश नाकारला होता, हे विद्यार्थी असताना ऐकलं तेव्हा मला संताप आला होता. १९५४ मध्ये याच लक्ष्मण यांनी एशियन पेंट्ससाठी गट्टू काढला, केस विस्कटलेला, हातात रंगाचा डबा घेतलेला तो खट्याळ मुलगा. म्हणजे पुढच्याच वर्षी सिनेमात ज्याचा हात दिसला तो माणूस जाहिरातीचंही काम करणारा होता. वर्तमानपत्र वेगळं आणि जाहिरात वेगळी, एक कला आणि दुसरा धंदा, अशी भिंत त्या पिढीने घातलीच नव्हती. ती नंतर घातली गेली, आणि आमच्यासारख्यांना तिच्या अलीकडे ठेवलं गेलं.

गुरुदत्तना हा हात उसना घ्यावासा का वाटला, याचं उत्तर मला त्यांच्या घरात सापडतं. कलकत्त्यात त्यांचे मामा, आईचे चुलतभाऊ बी. बी. बेनेगल, कमर्शियल आर्टिस्ट होते. सिनेमाची मोठी चित्रं रंगवायचे. माणसाला विळखा घातलेल्या सापाचं त्यांचं एक चित्र पाहून कोवळ्या गुरुदत्तने नृत्य बसवलं आणि कलकत्त्याच्या सारस्वत मंडळींसमोर केलं. धाकटी बहीण ललिता लाजमी पुढे चित्रकार झाली, तिला रंगांची पेटी देणारे हेच मामा. आणि १९४४ मध्ये भाच्याला पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीत आणून सोडणारेही तेच. थोर दिग्दर्शकाच्या चरित्रात अशा मामाला चार ओळी मिळतात. मला वाटतं, त्याच्यावर एक प्रकरण हवं.

प्रभातमध्ये तरी कोण होतं? दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल, दोघेही कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांच्या तालमीतले. बाबूराव कृष्णराव मेस्त्री हे नाव कोणी घेत नाही, 'पेंटर' हेच आडनाव झालं. नाटक कंपन्यांचे पडदे रंगवता रंगवता ते आणि त्यांचे भाऊ आनंदराव सिनेमाच्या नादाला लागले. १९१६ मध्ये आनंदराव गेले, तरी बाबूरावांनी कॅमेरा घडवला, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' दाखवला. त्यांच्या 'कल्याण खजिना'चं १९२४ चं पोस्टर आपल्याकडे टिकून राहिलेल्या सर्वांत जुन्या चित्रपट-पोस्टरांत गणलं जातं. दिग्दर्शकच स्वतःच्या सिनेमाचं पोस्टर रंगवायचा! दादासाहेब फाळकेही त्याच वाटेवरचे. आधी जे. जे., मग बडोद्याचं कलाभवन, मग ब्लॉक आणि छपाई, आणि मग सिनेमा. परेश मोकाशींच्या 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'त (२००९) छापखाना सुटल्यानंतरचे फाळके भेटतात. नंदू माधव यांनी त्यांचा खटाटोपी आनंद सुंदर दाखवलाय. पण सिनेमा जिथून सुरू होतो त्याच्या आधीची वर्षं मला बघायची होती, छपाईची, शाईने काळे झालेल्या बोटांची.

पुढच्या काळात सिनेमाने चित्रकाराला रस्त्यावर उभं केलं आणि पडद्यावर मात्र घेतलं नाही. पंढरपूरला जन्मलेले चित्रकार हुसेन तरुणपणी मुंबईत होर्डिंग रंगवायचे. दिवाकर करकरे यांनी 'दीवार', 'अमर अकबर अँथनी'ची पोस्टरं पॅलेट नाइफच्या फटकाऱ्यांनी उभी केली. बॅनरवाल्यांचं काम मी जवळून पाहिलंय. स्टिल फोटोवर चौकटी आखायच्या, तशाच मोठ्या चौकटी कॅनव्हासवर, आणि नाकाचा एक तुकडा इथे, डोळ्याचा तिथे, असं जमिनीवर बसून रंगवायचं. वीस फूट उंचीचा चेहरा रंगवणाऱ्याला तो चेहरा पूर्ण दिसतो तो थिएटरवर चढल्यावरच. गालाखाली निळा, कपाळावर हिरवा लावायचं धाडस त्यांचंच. जवळून भडक वाटणारा रंग समोरच्या फूटपाथवरून कातडीचा कसा दिसतो, हे गणित कुठल्या वर्गात शिकवलं गेलं नाही. सिनेमा उतरला की त्याच कॅनव्हासवर पांढरा हात मारून पुढचा हीरो. म्हणून त्यातलं फारसं काही उरलं नाही.

ग्रँट रोडच्या आल्फ्रेड टॉकीजचे पेंटर शेख रहमान यांच्यावर जर्मन दिग्दर्शकांनी 'ओरिजिनल कॉपी' नावाचा माहितीपट केला. तेव्हा थिएटर जुने सिनेमे लावायचं आणि रहमान त्यांची पोस्टरं हाताने रंगवायचे. तो बघताना पहिल्यांदाच मला हात आणि चेहरा वेगवेगळे तपासावे लागले नाहीत. बाबूराव पेंटरांवर कोणी मराठीत पूर्ण लांबीचा सिनेमा काढणार असेल, तर माझी एकच विनंती आहे. नट कोणीही घ्या, पण हातासाठी कोल्हापुरातच शोधा. कलानिकेतन किंवा दळवीज आर्ट इन्स्टिट्यूटमधून शिकून बाहेर पडलेला एखादा मुलगा घ्या, त्याला पोस्टर पहिल्या रेघेपासून शेवटच्या अक्षरापर्यंत रंगवू द्या, मध्ये कट करू नका, आणि श्रेयनामावलीत त्याचं नाव नटाच्या शेजारी छापा.