तिरंग्यातला हिरवा रंग कोणाचा? लहान पोरांना राष्ट्रीय प्रतीकं अशी समजावून सांगा

गेल्या १५ ऑगस्टला झेंडावंदन करून घरी येताना दुसरीतल्या पुतण्यानं विचारलं, “काका, केशरी रंग आपला आणि हिरवा त्यांचा ना?” हे त्याला कोणी शिकवलं, म्हणून चौकशी केली. मोबाईलवर फिरत आलेला एक मेसेज घरात कोणीतरी मोठ्यानं वाचला होता, तो त्यानं ऐकलेला. आमच्या आळीत सगळ्या घरची पोरं एकाच चिंचेखाली खेळतात. त्यामुळे ही गोष्ट मनाला लागली. म्हणून घरी पोरांना सांगता येईल अशी माहिती इथं देतोय.

तिरंगा

संविधान सभेनं २२ जुलै १९४७ रोजी तिरंगा राष्ट्रध्वज म्हणून स्वीकारला. त्या वेळी डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांनी सभेत त्याचा अर्थ सांगितला होता:

• केशरी – त्याग. पुढाऱ्यानं स्वतःचा फायदा बघू नये.
• पांढरा – प्रकाश आणि सत्याचा मार्ग.
• हिरवा – मातीशी आणि झाडाझुडपांशी असलेलं आपलं नातं.
• अशोकचक्र – नीतीनं वागणं आणि पुढं चालत राहणं.

सुरुवातीला, १९२१ च्या सुमारास, झेंड्याचे रंग धर्मांशी जोडले जात होते, हे खरं आहे. पण १९३१ मध्ये काँग्रेसनं केशरी-पांढरा-हिरवा झेंडा घेतला, तेव्हाच या रंगांना धर्माचा अर्थ नाही हे स्पष्ट केलं होतं. म्हणजे कोणता रंग कोणाचा, हा वाद तेव्हाच मिटला. तो पोरांच्या डोक्यात पुन्हा घालू नका.

शिकवायचं कसं? आधी बैलगाडीच्या चाकाचे आरे मोजायला लावा, मग चित्रातल्या चक्राचे. चक्राला २४ आरे असतात. झेंड्याची लांबी-रुंदी ३:२ असते, म्हणजे तीन वीत लांब तर दोन वीत रुंद. आपल्या मराठवाड्यात नांदेडला खादीचे राष्ट्रध्वज तयार होतात, हेही पोरांना सांगा.

राजमुद्रा

नोट किंवा आधार कार्ड पोराच्या हातात द्या आणि सिंह मोजायला सांगा. ते तीन म्हणेल. खरे चार आहेत, चौथा मागच्या बाजूला असल्यामुळे दिसत नाही. उत्तर प्रदेशात सारनाथ इथं सम्राट अशोकाचा स्तंभ आहे. त्याच्या माथ्यावरचं हे शिल्प २६ जानेवारी १९५० ला राजमुद्रा झालं. सिंहांच्या पायाखालच्या पट्टीवर घोडा आहे आणि आपला बैलही आहे. बैल सापडला की पोरं लई खूश होतात. खाली लिहिलेलं ‘सत्यमेव जयते’ हे मुंडक उपनिषदातलं आहे. अर्थ सोपा आहे, शेवटी खऱ्याचाच विजय होतो.

राष्ट्रगीत

रवींद्रनाथ टागोरांचं ‘जन गण मन’ २४ जानेवारी १९५० रोजी राष्ट्रगीत झालं. पूर्ण गीताला साधारण ५२ सेकंद लागतात. तेवढा वेळ सरळ उभं राहायचं. आधी आपण उभं राहावं, पोरं बघूनच शिकतात.

वाघ आणि मोर

मोर १९६३ पासून राष्ट्रीय पक्षी आहे, वाघ १९७३ पासून राष्ट्रीय प्राणी. मोर आपल्या पिकात येतो, नुकसान करतो, हे मलाही माहीत आहे. पण त्याला कायद्यानं संरक्षण आहे. त्याला मारणं किंवा विष घालणं गुन्हा आहे. आपल्या राज्याचीही प्रतीकं आहेत. प्राणी शेकरू, पक्षी हरियाल, फूल ताम्हण आणि झाड आंबा.

या दोन चुका टाळा

१. हॉकी राष्ट्रीय खेळ: सरकारनं कोणताच खेळ राष्ट्रीय खेळ म्हणून जाहीर केलेला नाही.
२. हिंदी राष्ट्रभाषा: संविधानात हिंदी ही केंद्र सरकारच्या कारभाराची भाषा म्हणजे राजभाषा आहे. ‘राष्ट्रभाषा’ असा दर्जा कोणत्याच भाषेला दिलेला नाही.

झेंडा सांभाळायचा कसा

• केशरी पट्टा कायम वर. झेंडा जमिनीला किंवा पाण्याला लागू द्यायचा नाही.
• झेंड्यावर काही लिहायचं नाही, त्यात सामान बांधायचं नाही.
• प्लॅस्टिकचा झेंडा घेऊ नका, तो कुजत नाही. पोरांना कागदाचा द्या.
• कार्यक्रम झाला की कागदी झेंडा रस्त्यावर टाकायचा नाही.
• फाटलेला झेंडा कचऱ्यात टाकू नका. चारचौघांत नाही, तर बाजूला नेऊन मानानं, शक्यतो जाळून, पूर्ण नष्ट करावा, असं ध्वजसंहितेत सांगितलंय.
• २०२२ पासून घरावर झेंडा दिवसरात्र ठेवता येतो. पण तो फाटका किंवा मळका नसावा.

दुसऱ्या दिवशी पुतण्याला घेऊन रानात गेलो. सोयाबीन कमरेला लागलं होतं. विचारलं, “आता सांग, हिरवा कोणाचा?” तो म्हणाला, “आपल्या रानाचा.” मग जरा थांबून म्हणाला, “शेजारच्या चाचांच्या रानाचा पण.” संध्याकाळी दोघांनी मिळून शाळेपासून घरापर्यंत रस्त्यात पडलेले झेंडे गोळा केले. या वेळी तुमच्याही पोरांना सोबत घेऊन एवढं कराच.